नऊ मीटरचा मोह

भाचा नुकताच काइटसर्फिंग शिकू लागला होता, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने, बोर्डवर उभं राहून पाण्यावरून जायला. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्याचा फोन आला. "मामा, ५५ हजारांत सगळंच मिळतंय. काइट, बार, बोर्ड, हार्नेस, पंप. तो माणूस रविवारी विमानात बसतोय. घेऊन टाकू?"

'सगळंच' आणि 'रविवारी' हे दोन शब्द एका दमात आले की माझे कान टवकारतात. गोव्यातल्या मोरजी-आश्वे पट्ट्यात एप्रिल-मे म्हणजे आवराआवरीचे दिवस. शॅकवाले बांबू सोडवत असतात आणि सीझन काढून परत निघालेले पाहुणे सायकलीपासून मिक्सरपर्यंत जे जे नेता येत नाही ते विकून मोकळे होतात. काइट त्याच ढिगात येतो, आणि त्याच्याबरोबर बार, म्हणजे ज्याच्या दोऱ्यांनी (लाइनींनी) काइट चालवायचा तो हातातला दांडा, आणि हार्नेस, म्हणजे तो बार अडकवायचा अंगावरचा पट्टा. घाई त्यांना असते, लागण आपल्याला होते.

भाच्याची स्थिती आधी सांगतो, कारण पुढचा सगळा निकाल तिच्यावरच लागला. वय २६, वजन ८२ किलो, राहायला म्हापशात, नोकरी वेर्ण्याला, म्हणजे समुद्र फक्त शनिवार-रविवारी. फेब्रुवारीत आश्वेला दहा तासांचा कोर्स केला. बोर्डवर उभा राहून तीस-चाळीस मीटर जातो आणि बसकण मारतो. वाऱ्याच्या अंगावर चढत जाऊन निघाल्या जागी परतणं अजून जमलेलं नव्हतं. प्रत्येक फेरीनंतर काइट डोक्यावर धरून किनाऱ्याने पायपीट. बजेट ६० हजार, त्यातले २० त्याच्या आईचे, म्हणजे माझ्या ताईचे. त्यामुळे हिशेब शेवटी माझ्याकडेच मागितला जाणार होता.

शिकाऊ माणसाने जुनं सामान घ्यावं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. नवा काइट बारसकट बाहेरून मागवायचा तर लाखाच्या बराच वर जातो, आणि पहिल्या वर्षी तो रोज दहा वेळा तोंडावर आपटणार असतो. मुद्दा कोणतं जुनं, एवढाच.

समोर तीन वस्तू होत्या. पहिली, फोनवरची: २०१९ सालचा ९ चौरस मीटरचा काइट, त्याचाच बार, १३६ सेंटिमीटरचा बोर्ड आणि बाकी सामान. दुसरी, मांद्र्यातल्या एका मुलाकडचा २०१४ सालचा १४ मीटरचा काइट, बारसकट ३० हजार. तिसरी, २००४ सालचा एक १२ मीटर, आठ हजार.

तिसऱ्याचा निकाल फोनवरच लावला. हवा भरलेल्या नळ्यांचा, पाण्यावर तरंगणारा काइट ब्रुनो आणि दोमिनिक लेगेन्यू या फ्रेंच भावांनी १९८४ साली पेटंट केला. पाण्यात पडलेला काइट तिथूनच पुन्हा उडवता यावा, हा त्यांचा ध्यास होता. पण पुढची वीसेक वर्षं बहुतेक काइट नालेसारखे खोल वाकलेले असत. बार हातातून सोडला तरी त्यांची ओढ पुरती जात नसे. २००५-०६ च्या सुमारास चपट्या 'बो' आकाराचे काइट बाजारात आले आणि बार सोडला की ओढ जवळजवळ संपू लागली. घाबरलेल्या शिकाऊ माणसाला बार सोडण्यापलीकडे काही सुचत नसतं. त्या सोडण्याचा उपयोग होत नसेल, तर तो काइट आठ हजारांत काय, फुकटही नको.

राहिले दोन.

वारा आधी

शुक्रवारी दुपारी आश्वेला त्या विक्रेत्याला भेटलो. खरं सांगायचं तर काइट पाहिल्यावर मीही विरघळलो. कापड कोरं करकरीत. घडी उलगडली की नव्या नोटेसारखं वाजत होतं. शिवणी सरळ, रंग ताजे, कुठेही ठिगळ नाही. विक्रेता साठेक किलोचा, अंगाने काटक. त्याने काइट उडवला, बोर्ड पायात घातला आणि सरळ वाऱ्यावर चढत हरमलच्या दिशेने निघून गेला. दहा मिनिटांनी आमच्या पुढ्यात परत. भाच्याचे डोळे बघण्यासारखे झाले होते.

मी खिशातला वारामापक काढला. १३ नॉट.

रापणीवरच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या, कुणालाही विचारा, तो सांगेल: सकाळी मतलई, दुपारी खारा. मतलई जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, म्हणजे त्यात काइट उडवणारा पडला तर बाहेर, खोल पाण्याकडे जाणार. त्या वेळी कुणी उतरत नाही. जमीन तापली की एक-दोनच्या सुमारास वायव्येचा खारा वारा बसतो, तीन-चारला भरात येतो, सूर्य बुडताना पडतो. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे हा वारा तिरका किनाऱ्याकडे येतो आणि पडलेल्याला हळूहळू वाळूकडे ढकलतो. शिकायला इतका समजूतदार वारा नाही. पण तो हलका आहे. बहुतेक दिवस १० ते १५ नॉट, म्हणजे ताशी साधारण १८ ते २८ किलोमीटर. एप्रिलच्या एखाद्या दुपारी त्याच्या वर जातो, पण तो दिवस नेमका मंगळवार असतो आणि भाचा वेर्ण्याला असतो.

काइटचं माप काढायचा एक ठोकताळा आहे. वजनाला २.२ ने गुणायचं आणि वाऱ्याच्या नॉटने भागायचं. ८२ गुणिले २.२ म्हणजे १८०. तेराने भागलं तर १४ मीटर येतात. उलटं करून बघा: ९ मीटरचा काइट याच माणसाला कधी लागेल? २० नॉटला. आणि १३ ते २० ही उडी दिसते तेवढी लहान नाही. वाऱ्याची ओढ वेगाच्या वर्गाने वाढते. वारा दीडपट झाला की ओढ सव्वादोनपट होते. तेवढी ताकद आश्वेची दुपार देत नाही. हा काइट मुळात श्रीलंकेतल्या कल्पिटियासाठी घेतलेला होता, जिथे नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या दिवसांत २० नॉटचं कुणाला नवल वाटत नाही. विक्रेता खोटं काहीच बोलला नव्हता. तो स्वतः ६० किलोचा होता आणि अनेक वर्षांचा सराव होता, म्हणून १३ नॉटमध्ये निभावून नेत होता.

मी म्हटलं, "आता माझ्या भाच्याला द्या."

भाचा पाण्यात बसला, काइट डावी-उजवीकडे फिरवला, अर्धा उठला आणि परत बसला. पंधरा मिनिटं हेच. शेवटी काइट डोक्यावर शांत उभा आणि हा खाली कमरेभर पाण्यात, म्हशीसारखा. विकणाऱ्याने चालवून दाखवलेलं सामान आपल्याला चालतंच असं नाही, हे मला तोंडाने सांगून पटवता आलं नसतं. तरीही घरी परतताना गाडीत तो म्हणालाच, "पण मामा, कापड किती भारी होतं." माझ्याही डोक्यात तेच चाललं होतं.

मांद्र्याचा चौदा मीटर

दुसऱ्या दिवशी सकाळी मांद्र्याला गेलो. काइट बाहेर काढला आणि भाच्याचं तोंड उतरलं. लाल रंग विटून गुलाबी झालेला, मधे दोन ठिगळं, पिशवीची चेन गंजलेली. मुलगा मात्र सरळ होता. म्हणाला, "घरी न्या, बघा, उद्या सांगा." असं म्हणणाऱ्याकडून घेण्यात अर्धी तपासणी झालेली असते.

अंगणात शेण-माती नाही अशी जागा बघून पसरला. जुन्या काइटमध्ये मी सगळ्यात आधी कापड बघतो, पण रंग नाही. रंग उन्हाने लवकर जातो, दम नंतर जातो. दोन अंगठ्यांमध्ये कापड धरून जोर लावायचा. मेलेलं कापड जुन्या धोतरासारखं फाटतं. मग तोंड लावून त्यातून हवा ओढून बघायची. शेजारच्या काकू कुंपणावरून बघत होत्या, त्यांना काय वाटलं असेल ते असो. चांगल्या कापडातून हवा येत नाही. इथे मधल्या भागातून आली नाही. मागच्या कडेला, जिथे कापड वाऱ्यात फडफडत राहतं, तिथे थोडी आली. २०१४ च्या मानाने ठीक.

ठिगळांचं मला काही वाटत नाही. कापडाच्या मधोमध, टेपने नीट लावलेलं हातभर ठिगळसुद्धा वर्षानुवर्षं टिकतं. भीती वाटते ती पुढच्या जाड नळीच्या, लीडिंग एजच्या शिवणीची. सगळा हवेचा दाब तिथे असतो.

इथे माझी स्वतःची गोष्ट सांगितली पाहिजे. नऊ वर्षांपूर्वी माझा पहिला काइट मी असाच घेतला. दिसायला देखणा. लीडिंग एजची शिवण कधीतरी उसवली होती आणि कुणीतरी ती साध्या सुती दोऱ्याने शिवून, वरून टेप लावून विकली होती. मी टेप उचलून पाहिली नाही. किनाऱ्यापासून दोनेकशे मीटरवर 'टप' आवाज झाला, आतला ब्लॅडर, म्हणजे हवा धरणारी पिशवी, आतडं बाहेर यावं तसा फुगून बाहेर आला आणि फुटला. रापणीच्या होडीने मला ओढून आणलं. पैसे घेतले नाहीत, चहा घेतला, आणि पुढे वर्षभर मला बघितलं की "पतंगवालो इलो" म्हणत हसत. तेव्हापासून लीडिंग एजवरची प्रत्येक टेप मी नखाने उचलतो, मालक कितीही वैतागला तरी.

मांद्र्याच्या काइटला ती शिवण मूळची होती. संध्याकाळी सहाला घट्ट फुगवला. टिचकी मारली की तबल्यासारखा वाजेल इतका. एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. आजच्या काइटमध्ये एकाच तोंडातून सगळ्या नळ्या भरतात, आणि आडव्या नळ्यांना, स्ट्रटना, जाणाऱ्या रबरी नळीवर चिमटे असतात. ते चिमटे लावून ठेवले तरच कोण गळतंय ते कळतं. नाहीतर एक गळका स्ट्रट सगळ्यांचीच हवा काढतो. चिमटे लावले आणि झोपलो.

सकाळी लीडिंग एज तशीच. तीन स्ट्रट ताठ. चौथा मात्र वांग्याच्या भरतासारखा.

साबणाचं पाणी टाकल्यावर व्हॉल्व्हच्या बुडाशी फुगे आले. नळीला भोक नव्हतं, व्हॉल्व्ह जिथे चिकटवलेला असतो तिथला गोंद सुटत होता. आपल्याकडे हे फार होतं, आणि त्याचं कारण समुद्रापेक्षा कपाट आहे. काइट आठ महिने वाळूत घासून जितका झिजत नाही, तितका जूनपासून सप्टेंबरपर्यंत ओलसर, उबट खोलीत घट्ट घडी होऊन पडला की बिघडतो. गोंद मऊ होतो, ब्लॅडर स्वतःलाच चिकटतात, धातूचे भाग गंजतात. म्हणून गोव्यात वापरलेला काइट घेताना मी मालकाला 'किती तास उडवला?' हे नंतर विचारतो. आधी विचारतो, 'पावसाळ्यात कुठे ठेवला होता?' मुलाने प्रामाणिकपणे सांगितलं: पलंगाखाली. चार पावसाळे.

आता बार. माझ्या मते काइटपेक्षा बार कडक नजरेने बघायला हवा, कारण काइट बिघडला तर पोहत यावं लागतं, बार बिघडला तर येणंच अवघड होतं. अंगणातल्या माडाला चारही लाइनची टोकं एका हुकात अडकवली, बार पोटाशी ओढून ताणला. चारही सारख्या यायला हव्यात. मधल्या दोन पाचेक सेंटिमीटर लांब निघाल्या. यात नवल नाही. सगळा भार मधल्या लाइनवर असतो, त्या ताणल्या जातात. मग कडेच्या लाइन आपोआप आखूड ठरतात, काइट नेहमी मागून ओढलेला राहतो आणि हलक्या वाऱ्यात पाठीवर कोसळतो. शिकाऊ माणूस स्वतःला दोष देत बसतो. हा दोष कडेच्या लाइन बाहेरच्या गाठीवर नेल्या की जातो, खर्च शून्य.

जे गेलं नाही ते क्विक रिलीज, म्हणजे ढकलली की काइटची ओढ तोडणारी बारवरची कळ. हार्नेसला बार अडकवायचा, माडाकडून पूर्ण वजनाने मागे रेलायचं आणि एका हाताने रिलीज ढकलायची. नुसती हातात धरून उघडली तर उघडतेच. भाराखाली उघडते का ते बघायचं. भाच्याने एका हाताने ढकलली, हलली नाही. दोन्ही हातांनी, तेव्हा कुठे कच्चकन सुटली. कोमट गोड्या पाण्यात तासभर ठेवून वाळू काढली, थोडी सुधारली, पण मला भरवसा वाटेना. रिलीजसाठी आयएसओ २१८५३ हे आंतरराष्ट्रीय मानक २०२० साली आलं. त्यात ती भाराखाली किती जोरात उघडली पाहिजे याच्या चाचण्या ठरवल्या आहेत. त्यानंतरच्या बारवर तसा उल्लेख सापडतो. मी ताईला फोन करून सांगितलं, "काइट जुना चालेल, बार नाही."

ती म्हणाली, "मला त्यातलं काय कळतंय? पोरगं घरी आलं पाहिजे."

सौदा

रविवारी मांद्र्याला परत गेलो. बार नको, काइट आणि पंप २२ हजारांत दे, म्हटलं. २४ वर तुटलं. तो गळका व्हॉल्व्ह त्याला दाखवला तेव्हा तो ओशाळला आणि दोन हजार स्वतःहूनच कमी करायला निघाला होता. मी नको म्हटलं, ते आधीच धरले होते. चार लाइनचा, २०२१ सालचा जुना बार ओळखीतून १७ हजारांत मिळाला. दुसऱ्या कंपनीचा बार जोडताना दोन गोष्टी तपासल्या: मधल्या दोन लाइन जिथे एकत्र येतात ती जागा या काइटला चालते का, आणि रिलीज केल्यावर काइट एकाच मधल्या लाइनवर लोंबकळून निपचित पडतो का. वाळूवर तीनदा करून पाहिलं, पडला.

बोर्डाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. हलक्या वाऱ्यात आणि ८२ किलोला मोठा, चपटा बोर्ड हवा. १४८ सेंटिमीटरचा मिळाला, ११ हजार. पट्ट्यांचे स्क्रू जिथे बसतात तिथे केसासारख्या भेगा आहेत का, एवढं अंगठ्याने दाबून बघितलं. हार्नेस माझा जुना, बसायच्या प्रकारचा, कारण कमरेचा हार्नेस शिकाऊ माणसाच्या काखेपर्यंत चढतो. हेल्मेट नवं, तीन हजार. जुनं हेल्मेट मी कुणाकडून घेत नाही. आत काय तडकलंय ते दिसत नाही. चिकटवायचे व्हॉल्व्ह आणि टेप १,८००. एकूण ५६,८००. त्या 'सगळंच'पेक्षा अठराशे जास्त, आणि दिसायला निम्म्याने वाईट. भाचा ताईला फोटो पाठवायला तयार नव्हता.

व्हॉल्व्ह बसवायला एक अख्खा रविवार गेला. ब्लॅडर बाहेर काढायचा, जुना गोंद पुसायचा, नवा व्हॉल्व्ह दाबून रात्रभर वजनाखाली ठेवायचा, मग टाल्कम पावडर लावून सरळ आत ओढायचा. पीळ पडला तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. आम्हाला पडला.

मे महिन्यात त्याला जेमतेम पाच दुपारी मिळाल्या. मोरजीच्या तेंबवाड्याला ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी असतात, तिथल्या कुंपणाच्या बाजूला काइट पसरायचा नाही हे त्याला बजावलं होतं; आश्वेच्या मोकळ्या टोकाला जात असे. चौदा मीटर वळायला मंद असतो, त्याला तो गाढव म्हणू लागला. पण १२ नॉटमध्ये गाढव त्याला पाण्यातून बाहेर काढत होतं. वारा १८ च्या वर गेला की उतरायचं नाही, हा एकच नियम. एका संध्याकाळी तो अंधार पडेपर्यंत पाण्यात राहिला तेव्हा होडी ओढणाऱ्या म्हाताऱ्यानेच त्याला हाकललं, "वारो पडलो मरे, घराक चल."

जूनच्या आत मच्छीमार होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारतात. त्याच आठवड्यात आम्ही काइट गोड्या पाण्याने धुतला, सावलीत दोन दिवस वाळवला, सैल गुंडाळला, व्हॉल्व्हवर घडी येणार नाही असा, आणि ताईच्या घरी स्वयंपाकघरावरच्या माळ्यावर ठेवला. तिथे पूर्वी कोकमं आणि सुकी मासळी ठेवत. पावसातही ती जागा कोरडी राहते. ताईने वासाबद्दल तक्रार केली, पण काइटच्या नव्हे, मासळीच्या.

फेब्रुवारीत वारा नीट बसू लागला तेव्हा पुन्हा फुगवला. पाचही नळ्या रात्रभर ताठ. भाचा आता निघाल्या जागेच्या फार खाली येत नाही. पायपीट अर्ध्यावर आली आहे.

त्याच महिन्यात एका दुपारी आम्ही वाळूवर बसलो होतो आणि समोरून तो नऊ मीटरचा काइट गेला. तोच, कोरा करकरीत. त्याच्याखाली पणजीची एक मुलगी, शिकाऊच, आमच्यासारखीच पडत-उठत, पण जात होती. बाहेर आल्यावर बोलणं झालं. विमानाच्या आदल्या रात्री तिला सगळंच ४० हजारांत मिळालं होतं. भाचा गप्प झाला. मग त्याने तिला, अगदी गोव्याच्या रीतीने, आडून आडून वजन विचारलं. ती हसून म्हणाली, ५२.

तो वाळूत बोटाने मांडत होता. ५२ गुणिले २.२, भागिले नऊ. "बारा पॉइंट सात," तो म्हणाला.

मी वारामापक वर धरला. १३.